वरचा चौकोन आधी

माझा टायपिंगचा स्पीड भयंकर आहे. म्हणजे मैत्रिणी चॅटवर माझ्याशी बोलायला कंटाळायच्या, त्यांचं एक वाक्य होईपर्यंत माझी पाच झालेली असायची. हे सगळं मालेगावचं. नव्वदच्या दशकात आमच्या घराजवळ, हायवेला लागून, एक टायपिंग क्लास होता. बाहेर ट्रक, पलीकडच्या गल्लीत माग, आत मशीनं, सगळा खडखडाट एकत्र, आणि मी त्यात खुश. मग त्याच क्लासमध्ये कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आला. त्याला प्लास्टिकचं कव्हर, चपला बाहेर काढायच्या, हात पुसून बसायचं. मला तो इतका आवडला की मी पुढे डिप्लोमाच कॉम्प्युटरचा केला.

आणि अशा मुलीला पहिली नोकरी कुठे लागावी? तर प्रोग्रॅमिंगची अशी भाषा बनवायला, जिच्यात टाइप करायचंच नसतं.

थांबा, नीट सांगते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. नाशिकला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेडच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सर आणि मी, बस. खाली डबे जोडायचं काम चालायचं. डबा म्हणजे एक पत्र्याची पेटी, आत सर्किट. कोल्ड स्टोरेजला कंप्रेसर कधी चालू करायचा, बागेत ड्रिपचा कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे तो डबा ठरवायचा. आता डब्याला हे सांगायचं कसं? तर कॉम्प्युटरवर चित्र काढून. स्क्रीनवर चौकोन ठेवायचे. एक चौकोन 'तापमान', एक 'तुलना', एक 'थांबा', एक 'चालू-बंद'. माउसने एकातून दुसऱ्यात रेघ ओढायची. तापमान चार अंशांच्या वर गेलं की थोडं थांब आणि मग कंप्रेसर चालू कर, हे सगळं चौकोन आणि रेघांनी. ते चित्र वायरने डब्यात पाठवलं की काम सुरू. गिऱ्हाइकं त्याला 'ड्रॉइंग' म्हणायची. 'आमचं ड्रॉइंग जरा बघा हो,' असे फोन यायचे.

मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी त्या दिवशी जेवायचीच विसरले. अहो, ज्या माणसाला प्रोग्रॅम हा शब्द माहीत नाही तो माणूस प्रोग्रॅम लिहितोय, आणि त्याला वाटतंय आपण चौकोन जोडतोय.

हे सगळं सरांनी एकट्याने केलं होतं, नव्वद संपता संपता. आता नवीन कॉम्प्युटर आले होते, जुना प्रोग्रॅम त्यांच्यावर धड चालत नव्हता, म्हणून तो पुन्हा लिहायला मला घेतलं. सर स्वतः कायम बाहेर. दिंडोरी, निफाड, कळवण, डबे विकत आणि दुरुस्त करत. सोमवारी सकाळी यायचे, 'काय म्हणतेस' म्हणायचे, चहा बशीत ओतून प्यायचे आणि जायचे. मग आठवडाभर मी, स्क्रीन आणि शेजारच्या शेडमधल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा आवाज. धप. धप. दुपारी तो प्रेस जेवणासाठी बंद पडला की मला दचकायला व्हायचं.

माझी खोली द्वारका चौकाजवळ होती. एका घराच्या मागच्या बाजूला, वेगळा जिना. घरमालकीण चांगली होती पण तिला टीव्ही असायचा. मैत्रिणी सगळ्या पुण्याला, एक तर बंगळूरला. मी सायबर कॅफेत जाऊन त्यांना लांबच लांब मेल करायचे. आज मी काय ठरवलं माहितेय का, सगळ्या चौकोनांना आत जाणारी रेघ डावीकडूनच येणार, असं का तर, आणि मग तीन पानं. उत्तर यायचं, 'मस्तच गं. नाशिकला थंडी आहे का?' त्यांचा काही दोष नाही. पण मला वाटायचं, कोणीतरी एकदा विचारावं, डावीकडूनच का.

आईचा फोन रविवारी. "काय करतेस तिथे नक्की?"

"भाषा बनवतेय, आई."

"मराठी आहे ना आपल्याला," आई म्हणायची, आणि मग भाजी कुठली केली ते विचारायची.

तर ती भाषा. सरांची जुनी भाषा उघडून बघितली तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग डोकं धरायची वेळ आली. 'तुलना' चौकोनात मोठा आकडा वरच्या रेघेने द्यायचा, 'मोजणी' चौकोनात खालच्या. 'थांबा' चौकोनाची वेळ खालून जायची, तर 'गजर' चौकोनाची बाजूने. एका चौकोनाचं उत्तर तर डावीकडून बाहेर पडायचं. का? तर म्हणे, पहिल्या गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर उजवीकडे जागा नव्हती. सरांनी ज्याने जे मागितलं ते त्या त्या दिवशी करून दिलं होतं, आणि ते सगळं थरावर थर साचलेलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. कुठला चौकोन आधी चालणार हे रेघांवर ठरायचंच नाही. जो स्क्रीनवर वर असेल तो आधी. बास. म्हणजे तुम्ही चित्र जरा नीटनेटकं दिसावं म्हणून एखादा चौकोन बोटभर वर सरकवला, तर बागेतला व्हॉल्व्ह आधी उघडणार. रेघा त्याच, चौकोन तेच, फक्त दिसणं बदललं आणि मशीन वेगळं वागलं.

मी सोमवारची वाटच बघत होते. सर आल्या आल्या सगळं बोलून टाकलं. सर, हे असं नाही चालणार, एक नियम पाहिजे. आत येणारं सगळं डावीकडून, बाहेर जाणारं उजवीकडे. कोण आधी हे रेघा ठरवणार, जागा नाही. चौकोन कुठेही ठेवा. आणि ज्याला काहीच जोडलेलं नाही तो चौकोन नाहीच असं समजायचं. एकदा एक चौकोन कळला की सगळे कळले.

सरांनी बशी खाली ठेवली. "छान आहे की. कर."

बस, 'कर'. मला अजून भांडायचं होतं खरं तर, उत्तरं तयार होती.

पण मी केलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी करत होते. आणि खरं सांगू, ते दिवस मला आवडायचे. एकटं असलं तरी हातात काहीतरी घडत होतं. माझ्या भाषेत अपवाद नव्हता, एकही नाही. मी नवीन चौकोन बनवायला घ्यायचे आणि तो कसा असणार हे मला आधीच माहीत असायचं, नियमानेच सांगितलेलं असायचं. कधी कधी मी उगाच चौकोन इकडून तिकडे सरकवत बसायचे. काही बदलायचं नाही. कुठेही ठेवा, अर्थ तोच. एवढंच वाटायचं की आता हे कोणीतरी वापरावं. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी. एका जरी माणसाने त्या कोऱ्या पानावर चौकोन ठेवला, रेघ ओढली आणि त्याला काही विचारावं लागलं नाही, तर माझं सगळं वसूल.

द्राक्षांचा सीझन सुरू व्हायच्या आधी सर म्हणाले, चल, पिंपळगावला लावून बघू. तिथे एक कोल्ड स्टोरेज होतं आणि ते चालवणारे एक काका होते, सरांच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. खोल्या अजून रिकाम्या होत्या, त्यामुळे काही बिघडलं तरी माल खराब होणार नव्हता. सर बाहेर मालकांशी बोलत उभे राहिले. मी आत काकांच्या टेबलावर त्यांचं जुनं ड्रॉइंग माझ्या नवीन प्रोग्रॅममध्ये उघडलं. मी एक सोय केली होती, जुनं ड्रॉइंग आपोआप नवीन नियमात बदलून मिळायचं. रेघा सगळ्या डावीकडून उजवीकडे, स्वच्छ. मला वाटलं काका म्हणणार, वा.

काका चष्मा वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, आमचा श्री कुठं गेला?"

"कोण?"

"हितं वरती कोपऱ्यात चौकोन होता. श्री लिहिलेला."

मला आठवलं. हो, होता. डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या वर, एक रिकामा चौकोन, नाव 'श्री'. "काका, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. म्हणून प्रोग्रॅमने काढून टाकला."

"देवाला काय जोडायचं असतंय?"

मागे मशीनवरचा एक जण हसला. मी पण हसले. म्हटलं, काका, चालवून तर बघू. चालवलं. व्यवस्थित चाललं. थंड झालं, बंद झालं, परत चालू झालं. मग काका म्हणाले, आता लाइट घालवून बघू, कारण लाइट तर रोजच जाते. त्यांनी मेन स्विच पाडला, थोडं थांबले आणि वर केला. कंप्रेसर घुर्र करून उठला आणि लगेच बसला. गजर वाजायला लागला. स्क्रीनवर 'तापमान फार कमी'. रिकाम्या, गरम खोलीत. बटण दाबून गजर बंद केल्याशिवाय कंप्रेसर पुढे हलेना. पुन्हा स्विच पाडला, पुन्हा तेच.

गजर ऐकून सर आत आले, तसे काका माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाले, "साहेब, पोरगी हुशार हाय. पण सुरुवातच अशी बिनदेवाची केली तर काय व्हायचं."

"जुनं लावा तूर्त," सर म्हणाले.

येताना गाडीत मी मांडीवर कागद घेऊन तेच ड्रॉइंग पुन्हा पुन्हा काढत होते, ते बघून सरांनाही काळजी वाटली. त्यांनी ओझरला थांबून भेळ घेतली.

कारण शोधायला मला तो आठवडा गेला, पण सापडलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच उठून उभी राहिले. लाइट आली की तापमान मोजणारा सेन्सर लगेच जागा होत नाही. पहिला क्षण तो काहीच सांगत नाही, म्हणजे शून्य. डब्याला वाटतं, बापरे, शून्य अंश, बर्फ होणार, गजर वाजवा. आता जुन्या भाषेत काय व्हायचं? वरचा चौकोन आधी. सगळ्यात वर कोण, तर श्री. त्याला काही काम नाही, पण सरांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक चौकोन, रिकामा का असेना, आपली पाळी घ्यायचा. श्रीची पाळी होईपर्यंत सेन्सर जागा व्हायचा. मग पुढचे सगळे चौकोन खरं तापमान बघायचे. आणि हे कोणालाच माहीत नव्हतं. काकांना नाही, मला नाही, सरांनाही नाही.

सोमवारी सरांना सांगितलं. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"म्हणजे इतकी वर्षं आपला धंदा त्याच्यावर चालला होता?"

"हो. पण तो टाकला कोणी पहिल्यांदा?"

"मीच. नमुन्याचं ड्रॉइंग बनवलं ना, तेव्हा. आपण कोऱ्या कागदावर वरती श्री लिहितो की नाही, हात आपोआपच जातो. मग त्या नमुन्यावरून सगळ्यांनी आपापली केली. प्रत्येकाच्यात असणार तो."

"मग सोपं आहे, सर. आपण सगळ्यांना सांगू, श्रीच्या जागी 'थांबा'चा चौकोन टाका. नीट जोडून. म्हणजे ड्रॉइंग बघितलं की कळेल इथे थांबायचंय म्हणून."

"कोणाला सांगू? सटाण्याला डबे आहेत, कळवणला आहेत, पार सुरगाण्याच्या रस्त्याला आहेत. निम्म्यांचे फोन नंबर बदललेत. ऐन सीझनला लाइट येईल, कंप्रेसर बसेल, माणूस झोपलेला असेल. मग?"

"पण सर, काहीच न जोडलेला चौकोन काहीतरी करतो. ह्याला काय अर्थ आहे?"

"अर्थ नाही."

"मग?"

"अर्थ नाही, पण चालतंय." सर आता हसत नव्हते. "हे बघ. तुझा नियम चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. मला तेव्हा सुचला असता तर मीच केला असता. पण मी त्या माणसांना डबा दिला, तेव्हा तो जसा वागत होता तसाच वागला पाहिजे. उद्या मी नवीन काही दिलं आणि त्यांचं जुनं बंद पडलं, तर त्यांनी विश्वास कशावर ठेवायचा? तुझ्या नियमावर?"

मी म्हटलं, "मग मला एवढे दिवस कशाला करू दिलंत?"

"नवीन माणसांसाठी," सर म्हणाले. "नवीन माणसं येतीलच ना. त्यांना तुझंच दे."

हे मला पटलं. लगेच नाही, दोन दिवस मी फणफणत होते, पण पटलं. आणि त्यातून मार्गही निघाला. प्रत्येक ड्रॉइंगच्या फाइलमध्ये एक खूण ठेवायची. जुन्या फाइलवर 'जुनी पद्धत', नवीन कोरं पान घेतलं तर 'नवीन पद्धत'. जुनी फाइल उघडली की सगळं जुन्यासारखं. वरचा आधी, मोठा आकडा कधी वर कधी खाली, श्रीला त्याची पाळी. नवीन उघडलं की माझा नियम. एका घरात दोन संसार, मधे भिंत.

मग पुढचे महिने मी काय केलं असेल? सरांच्या जुन्या चुका जशाच्या तशा पुन्हा बनवल्या. मुद्दाम. एकेक वेडेपणा नीट अभ्यास करून, तपासून, अगदी तितकाच वेडा. डावीकडून उत्तर देणारा तो चौकोन तर मी तीनदा लिहिला, कारण आधीच्या दोन वेळा तो जास्तच शहाणा झाला होता. हे मैत्रिणींना लिहायला घेतलं आणि अर्ध्यात पुसून टाकलं. काय लिहिणार? त्या त्यांच्या प्रोजेक्टबद्दल लिहायच्या, टीमबद्दल, कँटीनबद्दल. माझी टीम म्हणजे नव्वदच्या दशकात कधीतरी रात्री जागून हे लिहिणारे सर, आणि ते सर आता स्वतःच विसरले होते.

नवीन प्रोग्रॅम सगळीकडे गेला. सरांनी सीडी वाटल्या, मी फोनपाशी बसले. फोन आले आणि सगळ्यांनी कौतुक केलं. "काय बदललंय ते कळलंच नाही, लय भारी," असं निफाडचे एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, "आधीसारखंच हाय, काय टेन्शन नाय." मी प्रत्येकाला विचारायचे, नवीन ड्रॉइंग करून बघितलं का? म्हणायचे, हो हो, केलं की, दुसऱ्या खोलीचं केलं, शेजारच्यांना करून दिलं. मी हवेत. म्हणजे माणसं माझ्या भाषेत लिहितायत.

मग दुरुस्तीला म्हणून काही डबे ऑफिसात आले, सोबत त्यांची ड्रॉइंग. मी पहिलं उघडलं. जुनी पद्धत. दुसरं. जुनी पद्धत. अगदी ताजी ड्रॉइंग, त्याच महिन्यात केलेली, आणि सगळ्यांवर जुनी खूण. मला वाटलं माझ्याच प्रोग्रॅममध्ये काही चुकलंय. तपासलं. काही चुकलेलं नव्हतं.

पिंपळगावच्या काकांना फोन केला. "काका, तुम्ही नवीन ड्रॉइंग कसं करता? सुरुवातीपासून सांगा."

"काय नाय. जुनं उघडायचं. दुसऱ्या नावानं सेव्ह करायचं. मग त्याच्यात पाहिजे ते बदलायचं."

"पण वरती 'नवीन' म्हणून बटण दिलंय ना. कोरं पान येतं."

"कोरं कोण घेतंय, मॅडम?" काकांना खरंच कळेना मी काय विचारतेय. "दही लावताना तुम्ही विरजण घालता का नाही? आदल्या दह्यातलंच चमचाभर घालता ना. नुसत्या दुधाचं होतंय का दही?"

मी म्हटलं, नाही होत.

"तसंच हाय ते. चालू ड्रॉइंग घ्यायचं, म्हणजे हे पण चालू राहतंय."

आणि विरजणासारखीच ती खूण एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जात होती. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. सगळी मूळची सरांच्या त्या एका नमुन्यातली. त्यांना नियम चुकीचा वाटला असता तर मी भांडले असते, समजावलं असतं. पण तो कोणी बघितलाच नव्हता. भिंतीपलीकडच्या त्या घरात कोणी पाऊलच ठेवलं नव्हतं.

मी 'नवीन' बटण मोठं केलं. रंग बदलला. कोऱ्या पानावर दोन ओळी मदत लिहिली. सरांना म्हटलं, तुम्ही जाल तिथे सांगा ना. ते म्हणाले, सांगतो, आणि मला माहीत होतं सांगणार नाहीत, कारण गिऱ्हाईक खुश असताना कोण नवीन विषय काढतं.

त्या दिवसांत मी एक करायचे. जेवण झाल्यावर, दुपारी, मी माझ्या भाषेत ड्रॉइंग काढायचे, कुठल्याच डब्यासाठी नाही. घरमालकिणीच्या टाकीत पाणी आलं का, आलं तर मोटर, नाही तर थांबा. द्वारकेला उतरल्यावर पुढची रिक्षा भरली का, नाही तर थांबा. रविवार आहे का, असेल तर फोनजवळ. छान दिसायची ती ड्रॉइंग, सगळी डावीकडून उजवीकडे वाहत जाणारी. मी ती सेव्ह करायचे. नवीन पद्धतीची तेवढीच ड्रॉइंग होती जगात.

मग एक दिवस सटाण्याहून फोन आला. मुलीचा आवाज, माझ्याच वयाची असेल. म्हणाली, डाळिंबाची बाग आहे, वडिलांनी नवीन डबा घेतलाय, ड्रिपचे व्हॉल्व्ह तीच बघते, बारावीनंतर घरीच आहे. "ताई, माझं ड्रॉइंग येगळंच चालतंय."

"वेगळं म्हणजे?"

"मी तीन नंबरचा व्हॉल्व्ह वर नेला, म्हणजे तो आधी उघडायला पाहिजे ना. तर नाही उघडत. पहिलाच आधी उघडतो. कितीही वर न्या."

मी खुर्चीत सरळ झाले. "तू ड्रॉइंग कसं केलंस? कोणाचं घेतलंस?"

"कोणाचंच नाही. डबा आला तेव्हा माझ्याकडे दुसरं नव्हतंच. ते मोठं बटण होतं, 'नवीन', ते दाबलं."

काय सांगू मला काय वाटलं. मी बोलायला लागले आणि थांबेचना. तिला म्हटलं, अगं, तुझं बरोबर आहे, तसंच असतं, जागेवर काही नाही, रेघ बघ, रेघ जिथून येते तो आधी. तीनला आधी उघडायचं तर रेघ तिथे आधी ने. बघ ना, आत येणारं सगळं डावीकडे, 'तुलना' घे, 'मोजणी' घे, सगळ्यांचं सारखं. एक कळलं की सगळे कळले. तिने केलं. मला माउसचा टिकटिक आवाज ऐकू येत होता. तीन नंबर आधी उघडला. "हां, झालं," ती म्हणाली. पटकन शिकली ती, काकांपेक्षा पटकन, माझ्यापेक्षाही. मला वाटलं हिला सगळं दाखवावं, फोन ठेवूच नये.

मग तिने हळूच विचारलं.

"ताई, एक विचारू? हे बाकीच्यांसारखं नाही करता येणार का?"

"का? हे जास्त सोपं आहे ना?"

"सोपं शे," तिच्या बोलण्यात अहिराणी डोकावली, 'शे' म्हणजे 'आहे'. "पण आमच्या शिवारात सगळ्यांचे डबे आहेत ना, त्यांचं सगळ्यांचं सारखं शे. वरचा आधी. परवा माझं अडलं तेव्हा शेजारचे दादा आले, त्यांना काहीच उमजेना. म्हणाले, हे कुठलं आणलंस तू. मग काकू आल्या, त्या पण तेच. मला ते हसतात त्याचं काही नाही. पण उद्या माझं बिघडलं, तर मी विचारू कोणाला?"

"मला विचार," मी म्हटलं.

"तुम्ही नाशिकला," ती म्हणाली. चिडून नाही, साधंच. "पाणी तर सकाळी सहाला सोडायचं असतं."

माझ्याकडे नियम होता, चांगला नियम होता, आणि त्याच्यात ती एकटी पडली होती. एकटं पडणं काय असतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. सारखेपणा, सारखेपणा म्हणून मी इतके दिवस चौकोनांचा चौकोनांशी सारखेपणा बघत होते, आणि तिला शेजारच्यांशी सारखं हवं होतं.

मी तिला सांगितलं. शेजारच्या दादांकडून त्यांची फाइल फ्लॉपीवर आण. ती उघड. दुसऱ्या नावाने सेव्ह कर. त्यात तुझे व्हॉल्व्ह टाक.

"एवढंच?"

"एवढंच."

ती म्हणाली, थांबा, दादा इथेच आहेत, फ्लॉपी पण आहे त्यांच्याकडे, फोन ठेवू नका. मग पलीकडे बोलणी, कोणीतरी खुर्ची ओढली, कोणीतरी म्हणालं सरक जरा. मी कान लावून बसले होते. टिकटिक. दादा म्हणत होते, हां, हे बघ, आता कसं दिसतंय. ती हसली. सगळे एकदम बोलत होते.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, माझ्या भाषेत दुसऱ्या कोणी काढलेलं ते एकच ड्रॉइंग होतं. मी म्हटलं, "ऐक ना, तू आधी केलेलं ड्रॉइंग आहे ना, कोऱ्यावरचं, ते मला पाठवशील का? मेलवर. नाहीतर सर तिकडे येतील तेव्हा त्यांच्याजवळ दे."

"ते?" ती म्हणाली. "ते तर गेलं, ताई. त्याच्याच नावाने दादांचं हे सेव्ह केलं ना मी. काही पाहिजे होतं का त्याच्यात?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

"आता वरचा आधी चालतोय," ती म्हणाली. आवाज केवढा मोकळा झाला होता तिचा. "ठेवते हं ताई. सगळे बघायला आलेत."

मी बरं म्हटलं, पण तोपर्यंत तिने फोन ठेवला होता.